यॉर, व्हाइलम, अर्स्टव्हाइल: जुन्या इंग्रजी काळवाचक शब्दांच्या मराठी कोशाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

नोंदपत्राचा आराखडा ठरला. यॉर, व्हाइलम, अर्स्ट, एल्ड, क्वॉन्डम या सगळ्यांपुढे 'पूर्वी' एवढाच अर्थ लिहिला तर ओळ समजते, पण लिहिणाऱ्याने नेमका हाच शब्द का घेतला ते समजत नाही. 'पूर्वी' म्हणजे दहा वर्षांमागे, पणजोबांच्या वेळी, की राजाराणीच्या गोष्टीतल्या काळी? बोलणारा आजच्या दिवसात उभा राहून मागे पाहतो आहे, की त्याच काळात उभा आहे? शब्द कुठेही बसतो, की ठरलेल्या एकदोन शब्दांच्या सोबतीनेच येतो? कोशाचा सगळा भार या तीन प्रश्नांवर आहे.

म्हणून प्रत्येक पत्रात हे रकाने: रोमन अक्षरे एकेक करून, उच्चार, घडण, अंतर, पाहणाऱ्याची जागा, सोबत, छटा, मराठी पर्याय, दाखले. दाखले किमान तीन आणि वेगवेगळ्या शतकांतले हवेत. एकाच कवीचे तीन दाखले म्हणजे एकच दाखला.

रोमन अक्षरे सुटी लिहिण्याचे कारण देवनागरीत दिसते. 'आधी' या अर्थाचा एअर (ई-आर-ई), 'कधीही' या अर्थाचा आखूड एअर (ई, वर स्वल्पचिन्ह, ई-आर) आणि हवेचा एअर हे तिन्ही देवनागरीत एकच होतात. यॉर (वाय-ओ-आर-ई) नुसता 'योर' लिहिला तर वाचक 'तुझा' असा अर्थ घेतो. ऑ-काराचे चिन्ह इथे सोडायचे नाही.

छटेच्या रकान्यातल्या खुणा: आर्ष, लुप्त, काव्यगत, स्कॉट्स (स्कॉटलंडची बोली), कायद्यातला, ऐतिहासिक. आर्ष आणि ऐतिहासिक यांची गल्लत टाळायची. 'सरदेशमुखी' हा ऐतिहासिक शब्द: वसुली गेली, पण इतिहास लिहिताना तोच शब्द आजही सरळ वापरतात. 'जैं', 'तैं' हे आर्ष: कल्पना आजही रोजची आहे, शब्द तेवढे मागे पडले. या कोशातले जवळजवळ सगळे शब्द दुसऱ्या जातीचे आहेत.

१३ जानेवारी २०२५

साधनांचा क्रम. शब्दाच्या वयाप्रमाणे साधन बदलते, म्हणून आधी मोठा कोश उघडून सगळे तिथूनच घेण्याची सवय या कामात चालत नाही.

इ.स. ११०० पूर्वीच्या रूपांसाठी बॉसवर्थ-टॉलर यांचा अँग्लो-सॅक्सन कोश (१८९८, पुरवणी १९२१). ११०० ते १५०० साठी मिशिगन विद्यापीठाचा मिडल इंग्लिश (मधल्या इंग्रजीचा) कोश. तो जालावर मोफत आहे आणि त्यात प्रत्येक अर्थाखाली दाखल्यांची रांग मिळते. स्कॉटलंडच्या शब्दांसाठी डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज. इथे इंग्लंडचा कोश प्रमाण धरायचा नाही. १७०० पर्यंतच्या छापील पुस्तकांसाठी अर्ली इंग्लिश बुक्सच्या हाताने उतरवलेल्या संहिता. शब्द प्रथम कधी सापडतो यासाठी ऑक्सफर्डचा मोठा कोश, ज्याचा पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि शेवटचा १९२८ मध्ये. त्यात लुप्त शब्दाआधी लहान खंजिरासारखी खूण असते. ती खूण नसली म्हणजे शब्द चालू आहे असे मात्र नाही, फक्त कोशकारांनी त्याला मेलेला मानलेले नाही.

मराठी बाजूला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश (१८४७). त्यांचा मोठा उपयोग असा की ज्या काळात हे इंग्रजी शब्द कवितेत अजून सर्रास येत होते, त्याच काळची मराठी तिथे आहे.

मोल्सवर्थच्या जालावरील प्रतीत शोधताना एक अडचण हमखास येते. 'पूर्वी' टंकून काही मिळत नाही, कारण तिथे 'पूर्वीं' असे अनुस्वारासह आहे. न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२ च्या लेखननियमांनी गेले. 'मागां', 'आधीं', 'तेव्हां', 'कधीं' यांचेही तसेच. शोध दोन्ही रूपांनी करायचा.

२१ जानेवारी २०२५

यॉर. घडण: जुन्या इंग्रजीत वर्षाला 'येआर' आणि त्याचे षष्ठीचे अनेकवचन 'येआरा', म्हणजे 'वर्षांचे', अर्थात 'कैक वर्षांमागे'. नाम होते, विभक्तीने त्याचे क्रियाविशेषण केले, पुढे इंग्रजीतल्या विभक्त्याच झिजून गेल्या आणि हे एक रूप मागे राहिले. मधल्या इंग्रजीत ते एकटे येई किंवा 'अगो'च्या जोडीने येई. आज 'ऑफ'शिवाय येत नाही: 'डेज ऑफ यॉर', 'किंग्ज ऑफ यॉर', 'अ‍ॅज ऑफ यॉर'. सोबतीच्या रकान्यात हे ठळक लिहायचे, कारण मराठी विद्यार्थी 'इन यॉर' असे लिहून बसतात आणि ते इंग्रजीत कुठेच नाही.

अंतर: लांबचे, न मोजलेले. यॉरने दहावीस वर्षांमागची गोष्ट सांगत नाहीत. जागा: आजची, आणि नजरेत आदर किंवा हुरहुर असते. मराठी पर्याय: 'जुन्या काळी', 'पुराणकाळी', 'फार पूर्वीचे'. 'प्राचीन' टाळायचा. प्राचीन हा इतिहासकाराचा शब्द आहे, त्याला शतकांची हद्द असते, यॉरला नसते.

हा शब्द टिकला त्यात यमकाचा मोठा वाटा आहे. मोअर, शोअर, डोअर, बिफोअर इतके सोबती दुसऱ्या कुठल्याही काळवाचक शब्दाला नाहीत. एडगर अ‍ॅलन पोच्या १८४५ च्या 'द रेव्हन'मध्ये कावळ्याच्या जातीचा तो काळा पक्षी 'सेंटली डेज ऑफ यॉर'मधून येतो आणि पुढे 'बर्ड ऑफ यॉर' होतो, कारण कवितेचे सगळे यमकच त्या ध्वनीवर बांधलेले आहे. कवितेचा अनुवाद करणाऱ्यासाठी म्हणून पत्रात यमकाला वाव देणारे पर्याय वेगळे दिले: '-काळी' या अंताचे (एके काळी, जुन्या काळी), '-वेळी' या अंताचे, आणि '-पार' या अंताचा 'पूर्वापार'. शेवटच्याला इशारा जोडला: 'पूर्वापार'मध्ये गोष्ट आजवर चालत आलेली असते, यॉरमध्ये ती संपलेली असते.

२९ जानेवारी २०२५

व्हाइलम. हे पत्र सर्वांत लांब झाले आणि ते तसेच ठेवायचे आहे.

घडण: 'ह्वील' म्हणजे वेळ (आजचा व्हाइल), त्याचे चतुर्थीचे अनेकवचन 'ह्वीलुम', म्हणजे 'वेळोवेळी, कधी कधी'. पुढे अर्थ 'कधी काळी' असा सरकला. शेवटचा '-अम' म्हणजे त्या मेलेल्या विभक्तीचा उरलेला तुकडा. मराठी वाचकाला हे समजावणे सोपे आहे, कारण 'पूर्वी', 'काळी', 'रात्री', 'घरी' यांतला '-ई' हाही सप्तमीचा तसाच उरलेला अंश आहे. आज आपण 'टेबली' म्हणत नाही, 'टेबलावर' म्हणतो. नव्या शब्दांना तो '-ई' लागत नाही, जुने मात्र त्याच्यासकट चालू आहेत.

कवी चॉसर १४०० मध्ये वारला. त्याच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये व्हाइलम हा गोष्ट सुरू करण्याचा शब्द आहे. सरदाराची गोष्ट याच शब्दाने उघडते आणि थेट थीसियसच्या ग्रीसमध्ये नेते. गिरणीवाल्याची गोष्ट व्हाइलमने उघडते, पण ती ऑक्सफर्डमधली आणि चॉसरच्याच जगातली आहे. व्यापाऱ्याची लोंबार्डीतली आणि फ्रायरची (भिक्षेकरी धर्मबंधूची) गोष्टही तशाच उघडतात. याचा अर्थ व्हाइलममध्ये अंतर नाहीच. 'आता गोष्ट सुरू होते' एवढीच खूण आहे. इथे मराठी पर्याय 'आटपाट नगर होतं' याच्या जवळचा: 'कोणे एके काळी'.

आता स्पेन्सर. १५९० च्या 'फेअरी क्वीन'ची पहिलीच ओळ व्हाइलम घेते, पण तिथे कवी स्वतःच्या आधीच्या लेखनाबद्दल बोलतो: मेंढपाळांची गाणी लिहिणारा मी, तो आता वीरकाव्याकडे वळतो. ती गाणी म्हणजे १५७९ चे 'शेफर्ड्स कॅलेंडर'. म्हणजे अंतर फक्त ११ वर्षांचे. इथे 'कोणे एके काळी' लिहिले की ओळ कोसळते. पर्याय: 'मागे', 'एकेकाळी'.

त्यानंतरची तिसरी अवस्था विशेषणाची, 'व्हाइलम फ्रेंड' म्हणजे पूर्वीचा, आता नसलेला मित्र. एका शब्दाचे असे तीन उपयोग, तिन्हींना वेगळे मराठी.

स्पेन्सरच्या वेळीच हा शब्द जुना वाटत होता आणि त्याने तो मुद्दाम घेतला. नाटककार बेन जॉन्सनने त्याच्यावर आक्षेप घेतला तो याच कारणाने: प्राचीनांचा आव आणता आणता त्याने कोणतीच भाषा लिहिली नाही. छटेच्या रकान्यात म्हणून सालाप्रमाणे दोन खुणा: चॉसरपुढे 'चालू', स्पेन्सरपुढे 'आर्ष'. शब्द एकच, पण १३९० चा वाचक आणि १५९० चा वाचक तो सारखा ऐकत नव्हते.

५ फेब्रुवारी २०२५

शोधातल्या अडचणी. जुन्या छपाईच्या स्कॅनवरून यंत्राने ओळखलेला मजकूर वापरताना दाखले हातातून निसटतात. कारणे ठरलेली आहेत.

लांब एस: साधारण १८०० पर्यंत शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये जो एस छापत, तो एफसारखा दिसतो. यंत्र 'अर्स्ट'ला 'अर्फ्ट', 'यस्टर'ला 'येफ्टर', 'साइन'ला 'फाइन' वाचते. 'लँग साइन' शोधताना एफचे रूपही टाकायचे. शब्दाच्या शेवटचा एस मात्र तेव्हाही आखूडच असे, म्हणून शेवटी एस असलेल्या शब्दांत हा घोटाळा होत नाही.

योघ: मधल्या इंग्रजीतले ३ या आकड्यासारखे अक्षर. यॉरची सुरुवात त्याने होते, आणि यंत्र तिथे आकडा किंवा झेड देते. स्कॉटिश छापखान्यांत तर या अक्षराच्या जागी झेडच बसवत. मेन्झीज या आडनावातला झेड तिथलाच.

वर्णलेखन: व्हाइलमसाठी आय किंवा वाय, शेवटी ई असलेले आणि नसलेले अशी सर्व रूपे, स्कॉट्समध्ये सुरुवातीला क्यू-यू-एच. प्रत्येक रूप वेगळे शोधायचे.

आणि पूर्ण शब्द शोधायचाच. नुसते 'ओल्डन' टाकले की गोल्डन, बिहोल्डन, एम्बोल्डन यांचा ढीग येतो. 'एल्ड'ने फील्ड, हेल्ड, शील्ड. 'अर्स्ट'ने तर अंडरस्टँडसुद्धा, कारण त्याच्या पोटात ई-आर-एस-टी ही अक्षरे ओळीने आहेत.

१४ फेब्रुवारी २०२५

एअर, अर्स्ट, अर्स्टव्हाइल. हे एकाच घरातले. एअर म्हणजे 'आधी'. अर्स्ट हे त्याचे सर्वाधिक दर्शवणारे रूप, 'सर्वांत आधी', मग 'पूर्वी'. जर्मनमध्ये त्याचा भाऊ 'एर्स्ट' आजही 'प्रथम' म्हणून रोज वापरात आहे.

एअरच्या जोडशब्दांत दिशा तपासायची. 'एअर नाऊ' म्हणजे याआधी, भूतकाळ. 'एअरव्हाइल' म्हणजे मघाशी किंवा काही काळापूर्वी, भूतकाळ. 'एअरलाँग' म्हणजे फार वेळ जाण्याआधी, म्हणजेच लवकरच: भविष्यकाळ. 'लाँग' दिसला की 'फार पूर्वी' असे भाषांतर होते आणि वाक्य उलटे पडते. याच सापळ्यात 'अनॉन'ही आहे. जुनाट वाटतो म्हणून तो भूतकाळात ढकलला जातो, पण त्याचा अर्थ 'आत्ताच' किंवा 'थोड्याच वेळात'.

अर्स्टव्हाइल इंग्लंडात मागे पडत चालला, पण भारतीय इंग्रजीत रोजच्या वर्तमानपत्रात आहे, तेव्हा मराठी भाषांतरकाराला त्याच्याशी खरी गाठ पडते. 'अर्स्टव्हाइल प्रिन्सली स्टेट ऑफ कोल्हापूर' याला 'तत्कालीन कोल्हापूर संस्थान' असे सर्रास लिहितात. तत्कालीन म्हणजे 'त्या वेळचे'. बोलणारा त्या काळात उभा असतो. 'तत्कालीन दिवाणांनी हुकूम काढला' हे बरोबर. अर्स्टव्हाइलमध्ये बोलणारा आज उभा आहे आणि ती गोष्ट आता उरलेली नाही. कोल्हापूर १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झाले; त्या मुलखाबद्दल आज बोलताना 'पूर्वीचे कोल्हापूर संस्थान' किंवा 'भूतपूर्व संस्थान'.

'स्टेट' हा सोबती तारखेवाचून कळत नाही. 'अर्स्टव्हाइल हैदराबाद स्टेट' हे निजामाचे संस्थान की १९५० ते ३१ ऑक्टोबर १९५६ या काळातले भारतीय संघराज्यातले हैदराबाद राज्य? मराठवाड्याच्या जमिनीच्या कागदांत हा फरक फार मोठा आहे. 'बॉम्बे'च्या बाबतीत 'मुंबई इलाखा' आणि 'मुंबई राज्य' (३० एप्रिल १९६० पर्यंत) यांतले नेमके कोणते, ते वाक्यातल्या सालावरून ठरवायचे, सवयीने नाही.

२४ फेब्रुवारी २०२५

माणसांना लागणारे: क्वॉन्डम, समटाइम, लेट.

क्वॉन्डम लॅटिन, सोळाव्या शतकापासून इंग्रजीत. मॅलरीच्या आर्थरकथेत (कॅक्स्टनची छपाई १४८५) आर्थरच्या थडग्यावरच्या लॅटिन ओळीत तो आहे: एके काळी राजा आणि पुढेही होणारा राजा. इंग्रजीत आल्यावर तो पदाला किंवा नात्याला लागतो. पदाला 'माजी', नात्याला 'पूर्वीचा'. 'माजी मित्र' मराठीत खटकते, तिथे 'एकेकाळचा मित्र' बरा.

समटाइम जोडून, शेवटी एस नसलेला, पदाआधी आला की 'कधीतरी' नाही आणि 'कधीकधी' तर नाहीच. 'समटाइम फेलो' म्हणजे तिथला माजी फेलो. 'हॅम्लेट'च्या पहिल्या अंकात राजा क्लॉडियस आपल्या भावाची विधवा गर्ट्रूड हिला 'आमची समटाइम भगिनी, आता आमची राणी' म्हणतो. नाते बदलले ते या एका शब्दात सांगितले आहे, आणि 'पूर्वीची भावजय' म्हटल्याशिवाय तो उल्लेख मराठीत उघड होत नाही.

लेट सर्वांत धोक्याचा, कारण आज त्याचा अर्थ 'कैलासवासी' असाच घेतात. ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या १८२६ च्या शीर्षकपानावर त्याच्या नावाखाली 'लेट पोलिटिकल रेसिडेंट अ‍ॅट सातारा' असे आहे. डफ त्यानंतर १८५८ पर्यंत जगला. अर्थ: साताऱ्याचे माजी रेसिडेंट. नियम असा लिहिला: 'लेट' थेट माणसाच्या नावाला चिकटून असेल तर दिवंगत असण्याची शक्यता जास्त; पदनामाआधी किंवा 'लेट ऑफ' असा असेल तर माजी. तरीही जन्ममृत्यूची साले पाहिल्याशिवाय 'कै.' लावायचे नाही.

६ मार्च २०२५

यस्टरइयर. जुन्या शब्दांच्या यादीत सगळ्यात तरुण. १८७० मध्ये डान्टे गेब्रिएल रोझेटीने तो घडवला. पंधराव्या शतकातल्या फ्रेंच कवी फ्रान्स्वा व्हियोंच्या बॅलडमध्ये शेवटी प्रश्न येतो: गेल्या वर्षीचे बर्फ कुठे आहे? फ्रेंच शब्द 'आंतां', लॅटिन 'आंते आन्नुम'पासून, म्हणजे 'आधीचे वर्ष'. रोझेटीने यस्टरडेच्या साच्यात वर्ष घालून नवा शब्द केला. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १८५३ मध्ये धावली. हा 'पुरातन' शब्द तिच्याहून १७ वर्षांनी लहान आहे.

पत्रात म्हणून दोन अर्थ. पहिला मूळचा: गेले वर्ष. याला मराठीत अगदी चपखल शब्द आहे, 'गुदस्ता'. व्हियोंच्या ओळीत 'गुदस्ताचे बर्फ' म्हटले तर थंडीबरोबर वितळून गेलेले ते एका हंगामाचे बर्फ डोळ्यांपुढे येते. 'गतकाळातले बर्फ' म्हटले की हिमयुग आठवते. दुसरा अर्थ नंतर पसरला: सरलेला काळ. भारतीय इंग्रजीत तो सिनेमाच्या पानावर विशेषण म्हणून राहतो, 'यस्टरइयर अ‍ॅक्ट्रेस', म्हणजे 'जुन्या जमान्यातल्या अभिनेत्री'. तिथे गुदस्ता चालणार नाही.

आलेखांबाबत इशारा इथेच. गूगलच्या शब्दवारंवारतेच्या आलेखात १८७० च्या आधी यस्टरइयरचे ठिपके दिसले तर आधी पुस्तकाचे साल संशयाने पाहायचे. नियतकालिकाच्या सगळ्या खंडांना पुष्कळदा पहिल्या खंडाचे साल लावलेले असते. तो आलेख एका वेळी पाचच शब्दांपर्यंतची ओळ घेतो आणि किमान ४० पुस्तकांत न आलेली ओळ दाखवत नाही, म्हणजे कोरा आलेख हा शब्द नसल्याचा पुरावा नाही. गुळगुळीतपणाचा (शेजारच्या वर्षांची सरासरी घेऊन रेषा सपाट करणारा) आकडा मुळात ३ असतो. पहिले साल शोधताना तो ० करायचा.

१२ मार्च २०२५

लँग साइन. स्कॉट्स. 'लाँग सिन्स', फार पूर्वी. 'ऑल्ड लँग साइन' या प्रसिद्ध गाण्यातला 'ऑल्ड' म्हणजे जुना. साइनमध्ये स, झ नाही. गाताना 'झाइन' ऐकू येते ते चूक. स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सने १७८८ मध्ये या गाण्याचे आपले रूप छापायला पाठवले, ते त्याच्या मृत्यूच्या वर्षी, १७९६ मध्ये छापून आले. त्याआधी १७११ च्या वॉटसनच्या संग्रहात याच शब्दांचे जुने गीत आहे. इथे 'फार पूर्वी' हेच नाम झाले आहे आणि त्याच्यासाठी प्याला उचलायचा आहे. मराठी: 'जुन्या दिवसांच्या नावाने'. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दीक्षान्त संचलनाच्या शेवटी छात्र 'अंतिम पग' ओलांडतात ते याच धुनेवर, तेव्हा सूर मराठी कानाला परका नाही. शब्द तेवढे समजावायचे आहेत.

२० मार्च २०२५

टाइम इमेमोरियल. साध्या वाक्यात 'अनादि काळापासून', कायद्यात मात्र याला ठरलेली तारीख आहे. १२७५ च्या वेस्टमिन्स्टरच्या पहिल्या कायद्याने जमिनीच्या दाव्यांसाठी मागची हद्द पहिल्या रिचर्डच्या राज्यारंभाला बांधली: ११८९. त्याआधीचे ते आठवणीपलीकडचे. पुढे दर पिढीला ही हद्द सरकवायला हवी होती. ती सरकवली नाही, आणि रिवाजाचा हक्क सांगताना ११८९ हीच रेषा गोठून राहिली. इतके जुने कोणाला सिद्ध करता येणार? म्हणून न्यायालये माणसाच्या आठवणीतल्या अखंड वापरावरून तर्क करू लागली, आणि १८३२ च्या प्रिस्क्रिप्शन अ‍ॅक्टने वर्षांचे ठरीव आकडे दिले.

ही तारीख इंग्लंडची आहे, भारतात लागत नाही. आपल्याकडे १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात खासगी जमिनीवरून वाटेचा वगैरे हक्क २० वर्षांच्या उघड, शांत, अखंड वापराने मिळतो. मराठी अर्जात 'पूर्वापार वहिवाट' लिहितात ते याच अर्थाने. पत्रात तीन पर्याय वेगळे: ललित लेखनात 'अनादि काळापासून', इंग्लंडच्या कायद्यात 'स्मरणातीत काळापासून' आणि शेजारी ११८९ ची टीप, भारतीय कागदात 'पूर्वापार'.

कायद्यातले आणखी दोन: हिअरटूफोर म्हणजे 'आतापर्यंत, यापूर्वी', देअरटूफोर म्हणजे 'त्या वेळेपर्यंत, तत्पूर्वी'. एका अक्षराने पाहणाऱ्याची जागा बदलते. करारात दोन्ही एकाच कलमात येतात आणि दोन्हींना 'यापूर्वी' लिहिले तर कोणत्या तारखेपूर्वीची येणी माफ, हेच बदलून जाते.

२ एप्रिल २०२५

सेनाइट, फोर्टनाइट, यस्ट्रीन. दूर काळाचे नाहीत, पण त्याच पुस्तकांत भेटतात. सेनाइट म्हणजे सात रात्री, फोर्टनाइट म्हणजे चौदा. जर्मन जमाती दिवसांऐवजी रात्री मोजत हे रोमन इतिहासकार टॅसिटसने 'गेर्मानिया'त नोंदले आहे. मराठी आठवड्यात आठ आणि पंधरवड्यात पंधरा आहेत. कथेत सेनाइटला 'आठवडा' निर्धोक. न्यायालयाच्या आदेशातल्या फोर्टनाइटला मात्र 'चौदा दिवस' असेच. 'पंधरवडा' लिहिला की एका दिवसाचा वाद उभा राहतो. यस्ट्रीन स्कॉट्स, काल संध्याकाळी. सर पॅट्रिक स्पेन्सच्या बॅलडमध्ये जुन्या चंद्राला कुशीत घेतलेला नवा चंद्र दिसला तो यस्ट्रीन.

दाखल्यांच्या तारखांचा नियमही इथेच टाकला. १७५२ पूर्वी इंग्लंडात वर्ष २५ मार्चला बदलत असे, त्यामुळे जानेवारी ते २४ मार्चमधल्या दाखल्याचे साल आजच्या हिशेबाने एकाने वाढवायचे. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. स्कॉटलंडने १ जानेवारीचा वर्षारंभ १६०० मध्येच घेतला होता, तेव्हा तिथल्या त्यापुढच्या दाखल्यांना ही वाढ लावायची नाही.

१० एप्रिल २०२५

उरलेले झटपट. ओल्डन: फक्त डेज किंवा टाइम्सच्या आधी; 'मॅकबेथ'मध्येही 'ओल्डन टाइम'. पर्याय 'जुन्या काळी', आर्ष मराठी नको. एल्ड: मूळ अर्थ म्हातारपण, मग जुना काळ, एल्डर त्याचाच नातलग. वाक्यात माणूस असेल तर 'वार्धक्य' आधी तपासायचे. अफोरटाइम, बिफोरटाइम: १६११ च्या बायबलमधले, साधे 'पूर्वी', कारण मूळ वाक्यही साधेच आहे. शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात नवव्या अध्यायात बिफोरटाइम येतो तो एक जुनी रीत समजावून सांगायला, थाटासाठी नव्हे. अँटिडिल्युव्हियन: जलप्रलयापूर्वीचा, टॉमस ब्राऊनच्या १६४६ च्या ग्रंथात, थट्टेच्या वापरात 'बाबा आदमच्या काळचा'.

'ये ओल्ड' ही पाटी कोशात घेतली, पण 'बनावट जुने' अशी वेगळी खूण लावून. तो 'ये' मुळात 'द' आहे. थ ध्वनीचे थॉर्न नावाचे अक्षर हस्तलिखितांत वायसारखे दिसू लागले आणि छापखान्यांनी त्याच्या जागी वाय बसवला. वाचणारे मात्र 'द' असेच वाचत. 'ये' हा उच्चार नंतरच्या लोकांनी पाटीवरून घेतला. अनुवादात 'द' समजून सोडून द्यायचा आणि दुकानाच्या नावातला थाट 'जुने', 'पिढीजात', 'पूर्वापार' यांपैकी एकाने दाखवायचा.

१८ एप्रिल २०२५

सूची आणि टंकलेखन. मुख्य क्रम रोमन अक्षरांचा, कारण वाचक इंग्रजी पानावरून येतो. मागे देवनागरी उच्चारांची सूची. देवनागरी सूचीत अ‍ॅ दोन प्रकारे टंकला जातो, एकसंध ॲ आणि अ ला चंद्र जोडून. डोळ्याला दोन्ही सारखे, पण यंत्राला वेगळे, त्यामुळे क्रम फाटतो. सर्व पत्रांत एकच रूप करून मग क्रमवारी. मराठी पर्यायांवरून मागे इंग्रजीकडे नेणारी तिसरी सूचीही जोडायची: 'तत्कालीन' उघडले की 'अर्स्टव्हाइल नव्हे, "देन" पाहा', 'कै.' उघडले की 'लेट: पदनामाआधी असल्यास माजी', 'लवकरच' उघडले की 'एअरलाँग, अनॉन'.